साडेसात भागिले सव्वा: या चुका टाळा

गणपतीत माटवी (मूर्तीवर टांगायची सजवलेली चौकट) बांधायला साडेसात मीटर सुंभ आणलंय आणि सव्वा मीटरचे तुकडे हवेत. किती होतील? पुष्कळ वह्यांत उत्तर सापडतं ९. सातला एकने भागलं, आले ७. अर्ध्याला पावाने भागलं, आले २. बेरीज ९.

बेरीज-वजाबाकीत पूर्णांक वेगळे आणि अपूर्णांक वेगळे घेतले तरी निभतं, म्हणून हात तिकडे वळतो. भागाकारात निभत नाही. इथे सात मीटरचे एक-एक मीटरचे तुकडे पाडले आणि उरलेल्या अर्ध्याचे पाव-पाव मीटरचे. सव्वा मीटरचा तुकडा एकही निघाला नाही!

आधी दोन्ही संख्या अंशाधिक करा, म्हणजे अंश छेदापेक्षा मोठा असलेल्या: १५/२ आणि ५/४. मग भाजक उलटून गुणा: १५/२ × ४/५ = ६०/१० = ६. पडताळा तोंडी घ्या, सवायकीत, म्हणजे सव्वाच्या पाढ्यात, सहाला साडेसातच येतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आजही पाठ करण्यासारखी आहेत. ज्याला ती येतात तो ९ लिहून पुढे जात नाही, तिथेच थबकतो.

"उलटा आणि गुणा" एवढंच घोकून बसणाऱ्यांचं दुसरं दुखणं म्हणजे पहिलीच संख्या उलटणं. उत्तर येतं १/६. उलटायचा तो फक्त भाजक, तोही अंशाधिक केल्यावर.

मोबाइलवर सव्वा म्हणजे १.४ दाबू नका. सव्वा म्हणजे १.२५.

आता बाकी. हिच्यात चांगले चांगले फसतात. साडेआठ लिटर कोकम आगळ पाऊण लिटरच्या बाटल्यांत भरायचंय. १७/२ × ४/३ = ६८/६, म्हणजे ११ पूर्णांक १/३. लगेच लिहिलं जातं: ११ बाटल्या भरल्या, १/३ लिटर उरलं. मग उरलेल्याचे ३३३ मिलीचे पैसे गिऱ्हाइकाला सांगायचे, आणि मापात भरतात २५०. आधी मापावर संशय, मग बाटल्या पुन्हा ओतून मोजणं. चूक असते कागदावर. तो १/३ लिटरचा नाही, बाटलीचा आहे. पाऊण लिटरचा तिसरा हिस्सा म्हणजे पाव लिटर. उत्तरापुढे एकक लिहायची सवय लावा: ११ पूर्णांक १/३ बाटल्या. मग ११ × ३/४ = सव्वाआठ, साडेआठातून वजा, राहिलं पाव लिटर. आणि प्रश्न नीट वाचा. पूर्ण भरलेल्या बाटल्या ११, पण सगळं आगळ मावायला बाटल्या लागतील १२.

भागाकार केला की उत्तर लहानच येणार, हा समजही सोडा. पाऊण एकापेक्षा लहान, म्हणून साडेआठाचे अकरा झाले.

कशाला कशाने भागायचं हे अडलं तर अंदाज आधी बांधा. होडी सव्वा तासात १० किलोमीटर जाते, तर तासाला किती? वेळ कमी, म्हणून उत्तर दहापेक्षा थोडं कमी हवं. १० × ४/५ = ८ किलोमीटर. सव्वाला दहाने भागलंत तर १/८ येईल, आणि तो एका किलोमीटरला लागणारा वेळ आहे, साडेसात मिनिटं.