लॉला नवीन आहात? नैसर्गिक हक्क उलटीकडून वाचा

विधिशास्त्राचा पेपर म्हटला की जळगाव-धुळ्याकडच्या लॉच्या पोरांच्या पोटात गोळा येतो. कलम आणि शिक्षा एवढंच डोक्यात घेऊन आलेल्याला अचानक विचारलं जातं, कायदा व्हायच्या आधी माणसाला हक्क होते का, म्हणजे नैसर्गिक हक्क असतात का? मग गाईड उघडायचं, ॲरिस्टॉटल, सिसेरो, ॲक्विनास, ग्रोशियस, हॉब्ज, लॉक ही नावं ओळीने घोकायची आणि पेपरात एकाचं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडी घालायचं. मी इथेच शिकलो, आता चोपडा-यावल पट्ट्यातल्या वनहक्क दाव्यांचं काम करतो. नव्यांना माझं सांगणं एवढंच, की १९७६ पासून सुरू करा आणि मागे जा.

त्या वर्षी २८ एप्रिलला सुप्रीम कोर्टाने एडीएम जबलपूर खटल्याचा निकाल दिला. आणीबाणीत मिसाखाली (विनाचौकशी स्थानबद्ध करण्याचा कायदा) डांबलेल्यांनी हायकोर्टांत हेबियस कॉर्पसचे, म्हणजे डांबलेल्याला कोर्टापुढे हजर करा असे, अर्ज केले होते. कलम २१ साठी कोर्टात जायची वाट राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद झाली होती. सरकारचं म्हणणं, जगण्याचा हक्क त्या कलमातच आहे. त्याची दाद थांबली म्हणजे विषय संपला. न्या. हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरलना विचारलं, पोलिसाने खाजगी वैरातून कुणाचा जीव घेतला तर? आणीबाणी आहे तोवर दाद नाही, असं उत्तर आलं. पाचांपैकी चार न्यायमूर्ती सरकारच्या बाजूने गेले, खन्ना एकटे विरोधात राहिले.

हा निकाल मुळातून वाचा, निदान खन्नांचा भाग तरी. गाईडवाले त्यांना सरळ नैसर्गिक कायद्याच्या (माणसाने केलेल्या कायद्याच्याही आधीचा, वरचा कायदा मानणाऱ्यांच्या) खात्यात टाकतात, ते मला पटत नाही. त्यांचा भर कायद्याच्या राज्यावर होता: कलम २१ नसतं तरी कायद्याच्या आधाराशिवाय सरकार कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेऊ शकत नाही. हे हक्क माणसाला माणूस म्हणूनच असतात, घटनेने दिलेली ती देणगी नव्हे, असं खणखणीत शब्दांत आलं ते २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात, म्हणजे खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात. नऊ न्यायमूर्तींच्या त्या पीठाच्या निकालात जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवला गेला.

एवढं झालं की मागची मंडळी आपोआप बोलू लागतात. मध्ययुगातला ख्रिस्ती विचारवंत ॲक्विनास, त्याच्यासाठी नैसर्गिक कायदा म्हणजे ईश्वरी व्यवस्थेत माणसाच्या बुद्धीचा वाटा. डच कायदेपंडित ग्रोशियसने १६२५ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: देव नाही असं धरलं तरी हा कायदा टिकेल, कारण तो माणसाच्या विवेकाला आणि समाजात राहण्याच्या वृत्तीला धरून आहे. हॉब्जवर फार वेळ घालवू नका, लॉकवर घाला.

सतराव्या शतकातल्या या इंग्रज तत्त्वज्ञाचं, लॉकचं, म्हणणं आपल्याकडे सातपुड्यात तपासता येतं. माणूस जमिनीत श्रम घालतो, म्हणून ती त्याची होते. सरकार तो हक्क जन्माला घालत नाही, फक्त राखतं. २००६ चा वनहक्क कायदा अशाच भाषेत बोलतो. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे प्रस्तावनेत कबूल करून तो हक्कांना मान्यता देतो. कसणाऱ्याचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा, मर्यादा चार हेक्टर. पुराव्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. असा एक जबाब लिहून घेताना म्हातारबाबांनी बांधावरचं मोहाचं झाड दाखवलं, कुणी कुठपर्यंत नांगरलं ते सांगितलं आणि वर म्हणाले, "कागद नंतर उना, जमीन पहिलेनी शे." (कागद नंतर आला, जमीन आधीची आहे.) लॉक समजावताना वर्गात अर्धा तास जातो, इथे एका वाक्यात काम झालं.

पण भारावून जाऊ नका. त्याच लॉकच्या युक्तिवादाने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी 'न कसलेल्या' ठरवून वसाहतवाल्यांचं फावलं. शिकारीवर, मोहफुलांवर, चराईवर जगणाऱ्याचे श्रम त्यात मोजले गेले नाहीत. सामूहिक वनहक्काचा (अख्ख्या गावाच्या जंगलावरच्या हक्काचा) दावा हाताळताना हे नडतं, कारण तिथे नांगराची रेघ दाखवता येत नाही.

इंग्रज विचारवंत बेंथमने तर नैसर्गिक हक्कांची हुर्योच उडवली. त्याच्या मते कायद्याशिवाय हक्क म्हणजे बापाशिवाय पोर. उत्तरात त्याला दोन ओळींत उडवून लावणारे मार्क गमावतात. प्रांत कार्यालयात दावा फेटाळला गेला की बेंथम किती खरा होता ते कळतं. हक्क आधीचा असेल, पण सातबाऱ्यावर नाव चढल्याशिवाय सोसायटी पीककर्ज देत नाही. म्हणून उत्तर लिहिताना आधी बेंथमचा आक्षेप पूर्ण ताकदीने मांडा, मग गोलकनाथ खटला आणा. १९६७ च्या त्या निकालात सरन्यायाधीश सुब्बा राव म्हणाले होते, की ज्यांना परंपरेने नैसर्गिक हक्क म्हणत, त्यांचंच आजचं नाव मूलभूत हक्क.

नोट्स मराठीतच काढा, इंग्रजी संज्ञा बाजूला लिहा. आणि जमलं तर अमळनेरला चक्कर मारा. प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, साने गुरुजी तिथे शिकायला आले होते. तत्त्वज्ञान हे पुण्या-मुंबईच्या लोकांचं काम आहे असं वर्गात कुणी म्हणालंच, तर त्याला भुसावळ-सुरत लाईनीचं तिकीट काढून द्या.