पावसाच्या तोंडावर बांधावरची झुडपं काढू नका, जमलं तर निर्गुडी लावा

पाऊस तोंडावर आला की आपल्याकडं बांध साफ करायची घाई सुटते. कुणी बांध पेटवतं, कुणी तणनाशक मारतं, आणि ट्रॅक्टर तर दरवर्षी थोडाथोडा बांध कोरून आत घेतोच. बांध दिसायला चकाचक होतो पण मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात तिथंच फुटतो, मग आपण म्हणतो यंदा पाऊसच लय झाला. पाऊस झाला हे खरं, पण बांध धरून ठेवणारी मुळं आपणच काढून टाकली होती हेही तेवढंच खरं.

फुटलेल्या बांधाजवळ जाऊन एकदा नीट बघा. जिथं निर्गुडीचं किंवा करवंदीचं जुनं खोड राहिलंय तिथला तुकडा बऱ्याचदा उभा असतो. कडेला मुळं उघडी पडलेली दिसतात, जाड मुळं खोल गेलेली, त्यांना बारीक तंतुमुळं आणि त्या तंतुमुळांना मातीची ढेकळं लटकलेली, हलवली तरी पटकन सुटत नाहीत. जाड मूळ वरची माती खालच्या घट्ट थराशी बांधून ठेवतं, बारीक मुळं कण धरतात, आणि मुळांभोवती जी बुरशी अन् जिवाणू वाढतात त्यांच्या चिकट द्रवानं मातीला रवाळपणा येतो. वरचा पाला थेंबाचा मार झेलतो, खोडाला पाणी अडलं की वेग कमी होऊन गाळ तिथंच बसतो आणि मुळांच्या कडंकडंनं पाणी खाली मुरतं.

हे सगळं एवढं सांगायचं कारण म्हणजे माती जाते किती. देशात हेक्टरी सरासरी १६.४ टन माती दरवर्षी हलते असा १९८३ सालचा अंदाज आहे, म्हणजे एकरी साडेसहा टनाच्या वर, आणि जाते ती वरची, सेंद्रिय कर्बाची, आपण खत टाकलेली माती. मोठ्या पावसानंतर सांडव्यावर, म्हणजे बांधातून जादा पाणी बाहेर पडतं त्या वाटेवर, उभं राहून पाण्याचा रंग बघा, चहासारखं पाणी जात असेल तर ते तुमचंच रान चाललंय.

आता लावायचं काय. माझं मत स्पष्ट आहे, आधी निर्गुडी. हलक्या मुरमाड जमिनीत येते, जनावरं आणि शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत त्यामुळं राखण नको, आणि फाट्यावर, म्हणजे नुसती कापलेली फांदी रोवून लागते, त्यामुळं रोपाचा खर्चही नाही. पाऊस चांगला होऊन ओल खोल गेली की बोटाएवढ्या जाडीची, हातभर लांबीची पक्की फांदी घ्यायची, डोळे वरच्या बाजूला ठेवून निम्म्याहून जास्त मातीत जाईल अशी तिरकी रोवायची आणि माती पायानं घट्ट दाबायची, पोकळी राहिली की फाटा वाळतो. दीड-दीड फुटावर, दोन ओळी, एकमेकांच्या मधोमध येतील अशा. हिरवळीचं खत पाहिजे असेल तर मधूनमधून गिरीपुष्प लावा, पाला छाटून रानात टाकता येतो. मोगली एरंडही फाट्यावर लागतो पण त्याच्या बिया विषारी असतात, घराजवळच्या बांधावर पोरं खेळत असतील तर नकोच. घाणेरी आणि वेडी बाभूळ अजिबात नको, पसरली की आवरत नाही.

बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याशी आधी बोला आणि ओळ बरोबर मधोमध धरा. झुडपं उभी राहिली की कोरण्यावरून होणारी भांडणंही कमी होतात, हा फायदा लहान नाही.

एक लक्षात घ्या, फाट्याला मूळ धरून बांध आवळायला एक-दोन पावसाळे जातात. तोवर मधल्या जागेत तूर टोकून घ्या आणि बांधावरचं मारवेल, पवना असलं गवत खुरपून न काढता कापून घ्या. सांडव्याच्या तोंडात मात्र झुडूप लावायचं नाही, तिथं दगडाचीच पिचिंग, म्हणजे रचून बसवलेले दगड, पाहिजेत, नाहीतर पाणी तुंबून बाजूनं वाट काढतं. जिथं आधीच ओघळ खोल झालीय तिथंही नुसत्या मुळांवर भरवसा ठेवू नका, आधी ओघळीला आडव्या दगडी ताली (दगड रचून केलेले बांध) घाला आणि मग कडेला निर्गुडी. उंदरांची, खेकड्यांची बिळं पेरणीआधीच बुजवून घ्या कारण बांध फुटायची सुरुवात बऱ्याचदा त्या बिळातूनच होते.

छाटणी दिवाळीनंतर, जमिनीपासून गुडघाभर खोड ठेवून. सावली पिकावर पडतीय म्हणून मुळासकट उपटू नका, छाटलं तरी भागतं. आणि यंदा लावलेल्यातले जे फाटे फुटणार नाहीत त्यांच्या नांग्या, म्हणजे मोकळ्या राहिलेल्या जागा, ऑगस्टच्या आत नवा फाटा लावून भरा, उशिरा लावलेला फाटा मूळ धरायच्या आत ओल संपते.