छपराचं पाणी ड्रममध्ये: पन्हळीपासून सांडव्यापर्यंत

200 लिटरचा निळा ड्रम, एक नळ आणि पन्हळीतून आलेला पाइप एवढ्यावर काम भागेल असं वाटतं. पण या सगळ्या मांडणीत ड्रम हाच सगळ्यात सोपा भाग आहे. बिघाड होतो तो ड्रमच्या आधी (पाचोळा, कबुतरांची घाण, चुकलेला उतार) किंवा ड्रमच्या नंतर, सांडलेलं पाणी घराच्या पायात मुरून. त्यामुळे पैसे आणि डोकं या दोन टोकांना लावायचं. ड्रम जुना चालतो.

आधी हिशेब. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होतं. छपराचं क्षेत्रफळ उताराच्या लांबीवरून काढू नका. छप्पर जेवढी जमीन झाकतं तेवढंच धरा. दुपाखी घराचं एक पाखं 300 चौरस फुटांचं असेल तर ते झाले साधारण 28 चौरस मीटर. पत्र्यावरून 85 टक्के पाणी हाती लागतं असं धरायला हरकत नाही. कौलांवरून थोडं कमी येतं, कारण कोरडं कौल सुरुवातीचं पाणी स्वतःच पितं. 10 मिलिमीटरच्या पावसात या पाख्यावरून 28 × 10 × 0.85, म्हणजे जवळजवळ 240 लिटर पाणी येईल. एका बऱ्यापैकी सरीत ड्रम भरून वाहू लागला! पुण्याकडे वर्षाला 700 मिलिमीटर धरला तरी याच पाख्यावरून 16,000 लिटरहून जास्त पाणी खाली येतं. रत्नागिरीत तर पाऊस 3,000 मिलिमीटरच्या वर जातो.

म्हणजे उन्हाळ्याची सोय म्हणून ड्रम बसवत असाल तर निराशा होईल. ड्रम कामाला येतो तो उघडिपीत. देशावर दोन पावसांत आठ-दहा दिवसांचा खंड पडतो तेव्हा कुंड्या, परसातली भाजी, गाडी धुणं, फरशी पुसणं, संडासात टाकणं, एवढं त्यातून निघतं. बोअरचं पाणी जड असेल तिथे कपड्यांनाही हे पाणी चांगलं, साबण कमी लागतो. कोकणात जुलैत ड्रमकडे कोणी बघणारही नाही. तिथे परतीच्या पावसात तो शेवटचा भरून घ्यायचा. पिण्यासाठी मात्र हे पाणी नाही. आणि पावसाचं म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीतही घालू नका. छपरावरून आलेल्या पाण्यात धूळ आणि क्षार असतात, बॅटरीला डिस्टिल्डच लागतं.

ड्रम आणि ओटा

जुना ड्रम घेताना आत काय होतं ते विचारा आणि वास घ्या. खाण्याच्या वस्तूंचा (सिरप, लोणच्याचा खार, खाद्यतेल) असेल तर घ्या. कीटकनाशक, आम्ल किंवा रंगाचा असेल तर फुकट मिळाला तरी नको. शक्यतो उघड्या तोंडाचा, वरून झाकण आणि लोखंडी क्लॅम्प-रिंग असलेला पाहा, कारण नळ बसवायला आणि दरवर्षी घासायला आत हात जावा लागतो. पांढरा, उजेड आत जाणारा ड्रम टाळा, त्यात आठवड्याभरात शेवाळ धरतं. निळ्यातही थोडा उजेड जातोच, म्हणून सावलीची बाजू निवडा किंवा बाहेरून गडद रंगाचं कापड गुंडाळा.

भरलेला ड्रम 200 किलोच्या वर जातो आणि हा सगळा भार दोन फूट व्यासाच्या वर्तुळावर येतो. काळ्या मातीवर नुसत्या चार विटा मांडल्या तर पहिल्याच मोठ्या पावसात माती फुगून मऊ होते आणि ड्रम झुकतो. तीन फूट चौरस जागेतली वरची 15 सेंटीमीटर माती काढा, मुरूम भरून पाणी मारत धुम्मसाने ठोका. त्यावर जांभ्याचे चिरे किंवा सिमेंटचे ब्लॉक सांधे मोडून (वरचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ न देता) रचा. ओटा 45 सेंटीमीटर उंच हवा, म्हणजे नळाखाली बादली सरळ उभी राहते. माथा पाणसळीने दोन्ही दिशांना तपासा. जास्त उंचीचा मोह नको. 1 मीटर उंचीने नळाला फक्त 0.1 किलो प्रति चौरस सेंटीमीटर इतकाच दाब मिळतो, आणि लहान मुलं ओट्यावर चढतातच. या दाबावर साधा होजपाइप चालतो. ठिबकचे बहुतेक ड्रिपर चालत नाहीत, तेव्हा तो खर्च करू नका.

पन्हळ

पत्र्याची कड पन्हळीच्या तोंडावर साधारण एक तृतीयांश आत यायला हवी. कमी आली तर पागोळ्या पत्र्याच्या खालून मागे वळतात आणि वासे, भिंत भिजते. जास्त आली तर जोराच्या सरीत पाणी पन्हळ ओलांडून पलीकडे पडतं. उतार मीटरला 1 सेंटीमीटर ठेवा. 6 मीटरच्या पन्हळीचं एक टोक दुसऱ्यापेक्षा 6 सेंटीमीटर खाली यायला हवं. डोळ्याने ठरवू नका, कारण जुन्या घराची वळचण क्वचितच पाणसळीत असते. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दोन खुणा करा, दोरी ताणा आणि दर 60 सेंटीमीटरवर एक हूक मारा. हूक लांब लांब घेतले की मध्ये पोट पडतं, तिथे पाणी साचतं आणि डासांची पहिली पैदास ड्रमच्या आधी पन्हळीतच होते.

देशावर 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेली पन्हळ एका पाख्याला पुरते. कोकणात आणि घाटमाथ्यावर 160 चा पाइप चिरून घ्या. उतरता पाइप 110 चा एसडब्ल्यूआर (सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीचा पीव्हीसी) घ्या. 75 चा स्वस्त पडतो, पण एक आंब्याचं पान आडवं बसलं की तुंबतो. पन्हळीच्या भोकावर 5-6 मिलिमीटर भोकांच्या तारेच्या जाळीची छोटी टोपली बसवा. सपाट जाळी पानांनी झाकली जाते, टोपलीच्या बाजूंनी पाणी जात राहतं.

सिमेंटच्या जुन्या पत्र्याचं किंवा डांबर लावलेल्या छपराचं पाणी भाजीला वापरू नका. त्यांचे कण आणि वास पाण्यात उतरतात. छपराला नवा रंग किंवा वॉटरप्रूफिंग केलं असेल तर सुरुवातीचे काही पाऊस वाहून जाऊ द्या. स्लॅबच्या गच्चीवर पन्हळ लागत नाही. तिथे भिंतीवरच्या पावसाच्या पाइपमध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकूनच काम होतं.

पहिलं पाणी वगळणारी नळी

हा भाग लोक गाळतात आणि मग दोन आठवड्यांनी ड्रममधून वास येतो. उघडिपीत छपरावर धूळ, विष्ठा, परागकण साचतात आणि पहिल्या अर्ध्या मिलिमीटर पावसात त्यातला बराचसा मळ धुऊन येतो. म्हणजे दर चौरस मीटरला अर्धा लिटर पाणी सोडून द्यायचं. आपल्या 28 चौरस मीटरला 14 लिटर झाले. कबुतरांचा मुक्काम किंवा समोर मातीचा रस्ता असेल तर दुप्पट धरा.

यासाठी उतरत्या पाइपात टी बसवा. टीचं खालचं तोंड सरळ खाली जाणाऱ्या, तळाशी बंद असलेल्या नळीला जोडायचं आणि आडवं तोंड ड्रमकडे न्यायचं. पाणी आधी बंद नळीत भरतं. ती काठोकाठ भरली की पुढचं पाणी आडव्या वाटेने ड्रममध्ये वळतं. 110 च्या पाइपात मीटरला साधारण 8.5 लिटर मावतात, म्हणून 14 लिटरसाठी 1.65 मीटर नळी लागेल. 160 च्या पाइपात मीटरला 18 लिटर मावतात, तेव्हा 80 सेंटीमीटर पुरे. कौलारू घराची वळचण बुटकी असते, तिथे 160 चाच पाइप घ्या, नाहीतर एवढी लांब नळी टीखाली मावणार नाही. ओट्यासह ड्रमचं तोंड जमिनीपासून 1.35 मीटरवर येतं, टी त्याच्या निदान 20 सेंटीमीटर वर हवा.

नळीच्या तळाला एंड कॅप (टोपी) आणि त्यात अर्ध्या इंची बॉल व्हॉल्व्ह. कॅप सॉल्व्हंटने चिकटवू नका, आतला गाळ काढायला ती उघडावी लागते. पण नुसत्या रबर रिंगवरही सोडू नका. नळी भरली की त्या टोपीवर जवळजवळ 14 किलोचा भार येतो आणि ती निसटते. टोपीखाली वीट लावा किंवा बाजूने दोन स्क्रू मारा. भरलेली नळी भिंतीलाही क्लॅम्पने दोन ठिकाणी धरलेली हवी.

व्हॉल्व्हऐवजी टोपीला बारीक भोक पाडा, नळी आपोआप रिकामी होईल, असं बरेच जण सांगतात. 3 मिलिमीटरचं भोक पाडलं तर भरलेल्या नळीतून ताशी 80 लिटरहून जास्त पाणी निसटतं, म्हणजे रिमझिम पावसात ड्रममध्ये काही पोचतच नाही. 1 मिलिमीटरचं पाडलं तर ते दोन दिवसांत गाळाने बुजतं. बॉल व्हॉल्व्ह किंचित उघडा, थेंब-थेंब गळता ठेवणं हा मधला मार्ग आहे. झड लागली असेल तेव्हा तो पूर्ण बंद करा, कारण छप्पर तेव्हा धुतलेलंच असतं. तीन-चार दिवस ऊन पडलं की पूर्ण उघडून नळी रिकामी करा.

ड्रमला भोकं

तीन भोकं पाडायची आहेत. झाकणावर येणाऱ्या पाइपचं, तळाशी नळाचं आणि वर सांडव्याचं, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायचं. ड्रिलला होल-सॉ (गोल भोक कापणारी करवत) लावूनच पाडा. तापलेल्या सळईने पाडलेल्या भोकाची कड जाड-पातळ होते आणि वॉशर बसत नाही.

नळ तळापासून 8 सेंटीमीटर वर ठेवा, खालच्या भागात गाळ बसतो. पाऊण इंची टँक निपलला (टाकीच्या भिंतीत बसणाऱ्या आट्यांच्या जोडाला) 27 मिलिमीटरचं भोक लागतं. भोकाची कड ब्लेडने साफ करा, रबरी वॉशर आतल्या बाजूने घालून बाहेरून नट आवळा. नळ आणि निपल यांच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे द्या. गळायला लागलं की लोक एम-सील लिंपतात. ते टिकत नाही, या प्लास्टिकवर कोणताच गोंद नीट धरत नाही. निपल काढा, वॉशर बदला, सपाट जागा पाहून पुन्हा बसवा. ड्रम बंद तोंडाचाच असेल तर नळाच्या भोकातून तार आत सरकवून वरच्या तोंडातून बाहेर काढा, तिच्यात वॉशरसह निपल ओवा आणि तार खालून ओढा. निपल भोकात येऊन बसतं.

पाइप झाकणातून आत जातो तिथे बारीक नायलॉनची मच्छरजाळी दुहेरी बांधा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. पाइपभोवती बोटभर फट राहिली तरी पुरते. आळ्या दिसल्या तर ड्रम रिकामा करून आतल्या कडा ब्रशने घासा. अंडी भिंतीला चिकटून असतात, सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागलं की पुन्हा उबतात. नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

सांडवा

वर्षाच्या हिशेबात बहुतेक पाणी ड्रममध्ये राहत नाही, सांडव्यातून जातं. तरीही तिथे अर्ध्या इंची नळीचा तुकडा लावलेला दिसतो. ताशी 100 मिलिमीटरच्या सरीत 28 चौरस मीटरवरून मिनिटाला 40-45 लिटर पाणी येतं. अर्ध्या इंची तोंडातून मिनिटाला सहा-सात लिटरच बाहेर पडतात, बाकीचं झाकण उचलून ओट्यावर पडतं आणि मुरूम धुऊन नेतं. दोन इंची टँक निपल (भोक 60 मिलिमीटर) वरच्या कडेपासून 8 सेंटीमीटर खाली बसवा. कोकणात असे दोन. तोंडाला मच्छरजाळी इथेही हवी.

तिथून पाइप घराच्या पायापासून निदान 3 मीटर लांब न्या. जमीन मुरमाड असेल तर 1 मीटर लांब, रुंद, खोल शोषखड्डा करा, तळाला मोठे दगड आणि वर बारीक खडी. काळ्या मातीत असा खड्डा तुंबलेलं डबकं होतो, तिथे पाणी शेताकडे किंवा गटाराकडे काढलेलं बरं. विहिरीत किंवा बोअरमध्ये थेट सोडू नका. वाळू-खडीच्या गाळणीतून गेल्याशिवाय छपराचा मळ भूजलात मिसळतो.

दुसरा ड्रम जोडायचा असेल तर पहिल्याचा सांडवा दुसऱ्याच्या झाकणात सोडा, त्यासाठी दुसऱ्याचा ओटा जरा खाली घ्या. तळाशी जोडले तर दोन्ही एकाच पातळीत भरतात हे खरं, पण तो जोड गळला की दोन्ही ड्रम रिकामे होतात. वरून जोडले की गाळ पहिल्यात राहतो आणि दुसऱ्यातलं पाणी निवळ मिळतं.

वर्षभरात

मे महिन्यात वळवाच्या आधी छप्पर झाडा, पन्हळीत बादलीभर पाणी ओतून उतार पाहा. वळवाचं पाणी सगळ्यात घाण असतं. ड्रमकडचा जोड काढून ते बाहेर जाऊ द्या, गळती कुठे आहे तेही तेव्हाच कळतं. मृगापासून ड्रम जोडा. पावसाळ्यात पन्हळीची टोपली आठवड्याला एकदा आणि झाडाखाली घर असेल तर दोनदा साफ करा. पाणी पंधरा दिवसांत वापरून टाका. वास आला तर आधी पहिल्या पाण्याची नळी उघडून पाहा, बहुधा ती गाळाने भरलेली असते. परतीच्या पावसाचं पाणी संपलं की ड्रम घासून वाळवा, उलटा करून सावलीत ठेवा आणि दोरीने बांधा. रिकामा ड्रम आठ-दहा किलोचाच असतो, वळवाच्या वावटळीत तो शेजारच्या अंगणात सापडतो.