छ, सु॥ आणि अबजद: दख्खनचे कागद, नाणी व शिलालेख यांवरचा मुसलमानी काळ कसा काढावा

मोडी कागदाच्या शेवटी ‘छ ७ जमादिलाखर सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’ असे आले की बरेच नवे वाचक तेवढा भाग सोडून पुढे जातात. दर्ग्याच्या दारावरच्या फारसी ओळीत सनाचा आकडा दिसला नाही, तर ‘काळ दिलेला नाही’ अशी नोंद होते. दोन्ही ठिकाणी काळ लिहिलेला असतो, फक्त लिहिण्याची तऱ्हा वेगळी असते. तो काढताना एक नियम मोडू नये: एकाच साक्षीवर तारीख मानायची नाही. सन एका बाजूने काढला की वार, तिथी, दुसरा सन किंवा कारकिर्दीचे वर्ष यांपैकी एकाशी तो जुळला पाहिजे.

आधी सन कोणता ते ओळखा

दख्खनमध्ये चार प्रकार वरचेवर भेटतात: हिजरी, सुहूर, फसली आणि जुलूस. हिजरी सन पूर्ण चांद्र आहे. वर्ष ३५४ दिवसांचे, आणि ३० वर्षांत ११ वेळा ३५५ दिवसांचे. सुहूर सन, म्हणजेच अरबी सन, आकड्याने हिजरीतून निघाला पण चालतो सूर्यावर. इ.स. १३४४ मध्ये हिजरी ७४५ सुरू असताना, मुहम्मद तुघलकाच्या काळात, दोघांचा आकडा एकच होता. तिथून हिजरी दर ३३ वर्षांना साधारण एका वर्षाने पुढे सरकत गेला आणि सुहूर मागे राहिला. दख्खनी फसली शाहजहानच्या काळात, हिजरी १०४६ म्हणजे इ.स. १६३६ पासून धरतात. तोही सुहूरसारखाच मृगापासून (सूर्य मृग नक्षत्रात शिरतो त्या दिवसापासून) पुढच्या मृगापर्यंत मोजतात. म्हणून सुहूर सनात ९ मिळवले की फसली सन येतो, आणि ही पडताळणी क्षणात होते. जुलूस म्हणजे बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष.

कागदावर ‘सु॥’ किंवा ‘सुहूर सन’ असेल तर प्रश्न मिटला. नुसता आकडा असेल तर मात्र थांबा. ११७४ हा आकडा हिजरी धरला तर काळ इ.स. १७६० ते ६१ येतो, सुहूर धरला तर १७७३ ते ७४ आणि फसली धरला तर १७६४ ते ६५. तिन्ही काळ पेशवाईतलेच, त्यामुळे नुसत्या आकड्यावर चूक लक्षातही येत नाही. अशा वेळी कागदातली माणसे आणि हुद्दे पाहून ठरवावे.

सुहूर सन वाचणे

शब्द अरबी असतात आणि क्रम उलटा असतो: एकक, दशक, शतक, शेवटी हजार. एकक असे: इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दहाला अशर. दशके: अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. पुढे मया १००, मयातैन २००, अलफ १०००. ११ ते १९ साठी एककानंतर अशर लावतात, म्हणजे सलास अशर १३.

गफलत होते ती शेपटीत. ‘अशर’ आणि ‘अशरीन’ यांत दहा वर्षांचा फरक, ‘खमस’ आणि ‘खमसैन’ यांत पंचेचाळीस वर्षांचा. ओळीच्या शेवटी जागा अपुरी पडली की लेखक शेवटचे अक्षर आखडते घेतो, आणि मोडीच्या घसरत्या वळणात ‘सबैन’ व ‘तिसैन’ एकमेकांसारखे दिसतात. उपाय असा की त्याच हातचा दुसरा कागद शोधावा, त्यातला ‘स’ आणि ‘ब’ पाहावा, मगच आकडा ठरवावा. ‘मया’ नंतर ‘तैन’ आहे का हेही नीट पाहिले पाहिजे. तेवढे सुटले तर कागद शंभर वर्षे मागे जातो.

वरच्या उदाहरणात १ + ६० + १०० + १००० = ११६१. इसवी सनासाठी मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. मृग आज ७ जूनच्या सुमारास लागतो. शिवकाळात तो जुलियन, म्हणजे जुन्या इसवी, दिनगणनेने २४ मेच्या आसपास होता आणि १७६० मध्ये ग्रेगरियनने, म्हणजे आजच्या गणनेने, ४ जूनच्या आसपास. तेव्हा सुहूर ११६१ म्हणजे जून १७६० ते जून १७६१. जमादिलाखर त्या वर्षी जानेवारीत पडतो, म्हणून ११६१ + ६०० = १७६१. पानिपतची लढाई, १४ जानेवारी १७६१, याच सनात येते.

आता ‘छ’. या अक्षरानंतर येते ती चांद्र तारीख, आणि महिना हिजरी असतो. म्हणजे एकाच ओळीत महिना चंद्राचा आणि वर्ष सूर्याचे. सर्वांत फसवी जागा इथेच आहे. सौर वर्ष चांद्र वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी मोठे असल्यामुळे मृगाच्या वेळच्या दहा-अकरा चांद्र तारखा एकाच सुहूर वर्षात दोनदा येतात, एकदा वर्षाच्या तोंडी आणि एकदा शेवटी. सुहूर ११६१ मध्ये सवाल महिन्याच्या अखेरच्या दहा-एक तारखांचे असे झाले. ‘छ २५ सवाल’ असा कागद जून १७६० चाही असू शकतो आणि मे १७६१ चाही. मधल्या काळात पानिपत होऊन गेलेले! अशा कागदाची तारीख मजकुरावरूनच ठरते. कोष्टकात पहिली सापडली ती उचलून चालत नाही.

हिजरी तारखेवरून इसवी दिवस

अंदाजासाठी हिजरी सनाला ०.९७०२२४ ने गुणून ६२१.५७७ मिळवा. उत्तर येते ते हिजरी वर्ष सुरू होण्याची वेळ. ११७४ × ०.९७०२२४ = ११३९.०४, त्यात ६२१.५८ मिळवले की १७६०.६२. दशांश भागाला १२ ने गुणले की ७.४, म्हणजे आठवा महिना, ऑगस्ट. हिशेबी कोष्टकात ते वर्ष १३ ऑगस्ट १७६० ला सुरू होते.

नेमक्या दिवसासाठी आधीच्या महिन्यांचे दिवस मोजायचे. मोहरम ३०, सफर २९, रबिलावल ३०, रबिलाखर २९, जमादिलावल ३०, जमादिलाखर २९, रजब ३०, साबान २९, रमजान ३०, सवाल २९, जिल्काद ३०, जिल्हेज २९ किंवा ३०. ७ जमादिलाखर म्हणजे १४८ + ७ = १५५ वा दिवस. १३ ऑगस्ट हा पहिला धरून मोजले की १४ जानेवारी १७६१ येतो.

हे कोष्टक हिशेबी असते आणि लोक मात्र चंद्र पाहून महिना सुरू करत. पावसाळी ढग असले की महिना एक दिवस उशिरा लागे. त्यामुळे एका दिवसाचा फरक ही चूक नव्हे, तो अपेक्षित आहे. दोन दिवसांपेक्षा जास्त फरक पडला तर मात्र वाचन पुन्हा तपासावे.

तिथी ही मराठी कागदांतली उत्तम साक्ष. चंद्र दिसतो शुद्ध द्वितीयेच्या सुमारास, म्हणून चांद्र तारखेत १ (कधी २) मिळवली की शुद्ध प्रतिपदेपासूनची तिथी मिळते. छ ७ म्हणजे शुद्ध ८, आणि पानिपतची तिथी पौष शुद्ध ८ च आहे. बेरीज १५ च्या वर गेली तर १५ वजा करून वद्य तिथी काढावी: छ २० म्हणजे वद्य ६. छ ३० बहुधा पुढच्या महिन्याच्या शुद्ध प्रतिपदेला जातो. तिथे महिन्याचे नाव बदलायला विसरू नये.

वारांची फारसी नावेही पाठ असावीत. शंबा शनिवार, यकशंबा रविवार, दुशंबा सोमवार, सिशंबा मंगळवार, चहारशंबा बुधवार, पंजशंबा गुरुवार, जुमा शुक्रवार. हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. ‘शब-ए-जुमा’ म्हणजे आपली गुरुवारची रात्र. सुफी संतांच्या वफातीच्या (मृत्यूच्या) नोंदी पुष्कळदा रात्रीच्या असतात, तिथे हे ध्यानात न घेतल्यामुळे उरुसाची तारीख एका दिवसाने चुकवलेली आढळते.

सतराव्या शतकातल्या इसवी तारखा आपल्या इतिहासग्रंथांत बहुधा जुलियन असतात, तर आजची संगणकी साधने बहुतेक ग्रेगरियन देतात. १७०० पूर्वी हे अंतर १० दिवसांचे, त्यानंतर १८०० पर्यंत ११ दिवसांचे. कोणती गणना वापरली ते तारखेपुढे लिहिलेच पाहिजे.

नाण्यांवरचे आकडे

फारसी आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे. देवनागरीची सवय असलेला डोळा इथे ठरावीक जागी चुकतो: गोल वाटोळे चिन्ह म्हणजे पाच, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. ठिपका झिजून गेला की १०८७ चे १८७ दिसते. सात वर उघडा असतो आणि आठ खाली उघडा, त्यामुळे नाणे उलटे धरले की दोघांची अदलाबदल होते. आधी अक्षरे सरळ करावीत, मग आकडा पाहावा.

मुघल नाण्यावर एका बाजूला हिजरी आणि दुसऱ्या बाजूला जुलूस असला तर पडताळणी हाताशीच असते. औरंगजेबाची जुलूस वर्षे १ रमजान १०६८ पासून मोजली जातात. म्हणून जुलूस २० म्हणजे रमजान १०८७ ते साबान १०८८. या नाण्यावर १०८६ वाचले गेले तर दोनपैकी एक वाचन चुकले आहे. पहिल्या वर्षी आकड्याऐवजी ‘अहद’ हा शब्द असतो.

अबजद: ओळीत दडवलेला सन

अबजद म्हणजे अक्षरांच्या किमतींची बेरीज करून सन काढण्याची रीत. फारसी-अरबी प्रत्येक अक्षराला किंमत आहे. अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४, हे (अबजदच्या क्रमातल्या ‘हव्वज’ शब्दाचा) ५, वाव ६, झे ७, हे (त्यातल्याच ‘हुत्ती’ शब्दाचा) ८, तोय ९, ये १०, काफ २०, लाम ३०, मीम ४०, नून ५०, सीन ६०, ऐन ७०, फे ८०, स्वाद ९०, मोठा काफ १००, रे २००, शीन ३००, ते ४००, से ५००, खे ६००, जाल ७००, ज्वाद ८००, जोय ९००, गैन १०००. फारसीची जादा अक्षरे जवळच्या अरबी अक्षराची किंमत घेतात: पे ला २, चे ला ३, गाफला २०.

नियम एकच, पण कडक: लिहिलेले मोजायचे, उच्चारलेले नाही. बिस्मिल्लाहची ७८६ ही बेरीज त्याचा उत्तम धडा आहे. बिस्म १०२, अल्लाह ६६, अर्रहमान ३२९, अर्रहीम २८९. ‘अर्रहमान’ मधला लाम उच्चारात नाही, पण लिहिलेला आहे, म्हणून त्याचे ३० धरले. ‘मा’ मधला अलिफ उच्चारात आहे, पण ओळीत लिहिलेला नाही, म्हणून सोडला. द्वित्ताची खूण मोजत नाहीत, त्यामुळे मुहम्मदमधला दुसरा मीम एकदाच येतो आणि बेरीज ९२ होते.

विजापूरच्या गोलघुमटावर मुहम्मद आदिलशहाच्या मृत्यूचा काळ असाच आहे. ‘आकिबत मुहम्मद महमूद शुद’: ५७३ + ९२ + ९८ + ३०४ = १०६७. तिथलेच ‘सुलतान मुहम्मद जन्नत आशियानी’: १५० + ९२ + ४५३ + ३७२ = १०६७. दोन ओळी एकमेकींना साक्ष देतात, आणि हिजरी १०६७ ऑक्टोबर १६५६ मध्ये सुरू झाले, तर मृत्यू नोव्हेंबर १६५६ चा. दुसऱ्या ओळीत शेवटचा ये सोडला तर १० कमी पडतात. वरच्या पट्टीचा अलिफ (‘आ’) १ च धरायचा, हेही त्याच ओळीत दिसते. ‘जन्नत’ मधला ते लांब लिहिला म्हणून ४०० घेतले. अरबी वळणाचा गोल ते असता तर बहुतेक ठिकाणी त्याचे ५ धरतात. बेरजेत ३९५ चा फरक पडला, तर गुन्हेगार हाच.

बेरीज थोडक्याने चुकली तर लगेच ओळ दुरुस्त करायला जाऊ नये. हुमायूनच्या मृत्यूवरची ‘हुमायून पादशाह अझ बाम उफ्ताद’ ही ओळ ९६२ देते, मृत्यू मात्र ९६३ मधला. अर्थ इतका चपखल बसला होता की एकाची उणीव लोकांनी चालवून घेतली. इतरत्र कवी उणीव स्वतःच सांगतो. आधीच्या चरणात ‘सर’ (डोके), ‘पा’ (पाय) किंवा ‘दिल’ असा शब्द असेल तर कुठल्याशा शब्दाचे पहिले, शेवटचे किंवा मधले अक्षर मिळवायचे अथवा वजा करायचे असते. ‘सर-ए-दर्द’ म्हणजे दालचे ४. म्हणून शेवटची ओळ एकटी उतरवून घेऊ नये, अख्खा शेर उतरवावा. सन बहुधा ‘तारीख’, ‘साल’ किंवा ‘हातिफ’ (अदृश्य आवाज) या शब्दांनंतरच्या तुकड्यात असतो.

शिलालेखाचे छायाचित्र सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात घ्यावे, कारण नुक्ते, म्हणजे ठिपके, तेव्हाच उठून दिसतात. बे, ते, से यांच्यात फरक ठिपक्यांचाच आहे, आणि किमती २, ४०० व ५००. चुन्याचे थर चढलेल्या जुन्या दर्ग्यांत ठिपके बुजलेले असतात. तिथे खरवडू नये. अर्थाने शब्द ठरवावा आणि बेरजेने तो तपासावा.

नोंद करताना मूळ शब्द जसेच्या तसे लिहावेत, खाली बेरीज मांडावी, मग इसवी दिवस गणनेच्या नावासह, आणि शेवटी कोणत्या दुसऱ्या साक्षीने तो जुळला ते. साक्ष मिळाली नसेल तर ‘एकाच आधारावर’ असे स्पष्ट लिहावे.