अवघड फलनाच्या जागी सोपी बहुपदी कशी बसवावी

बहुपदीची किंमत काढायला बेरीज आणि गुणाकार पुरतात, म्हणून ई^क्ष (ई = २.७१८२८…) सारख्या फलनाऐवजी ती वापरतात. आधी दोन गोष्टी ठरवा: क्ष कुठून कुठपर्यंत जाणार आणि किती चूक चालेल. हे ठरल्याशिवाय कोणतीही बहुपदी चांगली की वाईट ते सांगता येत नाही.

१. अंतराल (क्ष ची ही व्याप्ती) लहान करा. सर्वांत मोठा फायदा इथेच आहे. समजा, ई^५ हवे आहे. १ + क्ष + क्ष²/२ या टेलर बहुपदीत (एका बिंदूपाशी, इथे ० पाशी, फलनाशी जुळवलेली बहुपदी) थेट ५ घातले तर १८.५ येतात, खरी किंमत १४८.४१. त्याऐवजी ५ ला २ च्या नैसर्गिक लॉगने (ई चा जो घात २ देतो तो), म्हणजे ०.६९३१४७ ने भागा. भागाकार ७.२१, त्यातले पूर्ण ७ घेतले की बाकी ०.१४७९७ उरते. म्हणजे ई^५ = २^७ × ई^०.१४७९७. तीच बहुपदी आता १.१५८९२ देते आणि १२८ ने गुणल्यावर उत्तर येते १४८.३४.

२. बिंदू नीट निवडा. टेलर बहुपदी मध्याजवळ अचूक असते, टोकांकडे घसरते. −१ ते १ या अंतरालात वरची बहुपदी क्ष = १ पाशी ०.२१८ ने चुकते. आता −०.८६६, ० आणि ०.८६६ या चेबिशेव्ह बिंदूंवर ई^क्ष शी जुळणारी द्विघाती बहुपदी काढा:

१ + १.१२९७७क्ष + ०.५३२०४क्ष²

हिची सर्वांत मोठी चूक ०.०५६. घात तोच, चूक जवळपास चौथाई!

असे चेबिशेव्ह बिंदू एकूण ‘न’ इतके हवे असतील तर क = १, २, … न घेऊन कोसाइन[(२क − १) × ९०°/न] काढा. अंतराल वेगळे असेल तर या संख्येला त्याच्या निम्म्या लांबीने गुणून त्यात त्याचा मध्यबिंदू मिळवा.

बिंदू समान अंतरावर घेण्याचा मोह टाळा. १/(१ + २५क्ष²) साठी तसे केले, तर बिंदू वाढवाल तशी बहुपदी टोकांपाशी अधिकच उसळते. जर्मन गणितज्ञ कार्ल रुंगे यांनी हे १९०१ मध्ये दाखवले.

३. मांडणी बदला. १ + क्ष(१.१२९७७ + ०.५३२०४क्ष) असे लिहिले की एक गुणाकार वाचतो.

४. तपासा. जुळवलेल्या बिंदूंवर चूक शून्यच दिसणार, त्यावर विसंबू नका. टोके धरून हजारेक बिंदूंवर फरक काढा. सहगुणक कमी दशांशांत लिहिलेत तर हा फरक पुन्हा काढा.

घात वाढवूनही चूक हटत नसेल तर फलनाचा आलेख पाहा. |क्ष| सारखा कोपरा असेल तर तिथे अंतराल तोडून दोन्ही बाजूंना वेगळी बहुपदी घ्या. ९०° जवळच्या टॅनसारखे फलन अनंताकडे धावत असेल, तर एका बहुपदीला दुसरीने भागणारे सूत्र वापरा.