दूर राहणाऱ्या मुलीला वडिलांनी पत्र कसं लिहावं

रोज फोन होतोच, मग पत्र कशाला, असं बरेच वडील म्हणतात. फोनवर 'जेवलीस का, पोहोचलीस का' एवढं होतं आणि फोन आईकडे जातो. मनात धरलेलं तसंच राहतं. पत्र त्यासाठी लिहायचं.

तारीख घाला. मायन्यात घरात हाक मारता तेच नाव लिहा. 'पत्रास कारण की' नको, थेट सुरुवात करा.

तब्येतीची बातमी असेल तर ती पहिल्याच परिच्छेदात, आकड्यांसकट: रक्तदाब १५०/९० निघाला, गोळी सुरू झाली, पुढची तपासणी महिन्याने. 'थोडं बरं नव्हतं, काळजी करू नकोस' असं शेवटी हळूच लिहू नका. तेवढ्या एका ओळीवर दूरचं माणूस रात्रभर जागतं.

खरं अवघड आहे ते उपदेश टाळणं. मी सर्वांत जास्त अडायचो ते इथेच. लिहायला बसलं की काळजीचं प्रत्येक वाक्य आज्ञार्थी होतं: वेळेवर जेव, पैसे जपून वापर, उशिरा फिरू नकोस. हे सगळं तिला पाठ आहे. 'मनात येईल ते मोकळेपणाने लिहा' असा सल्ला लोक देतात. तो मुळीच ऐकू नका, कारण बापाच्या मनात आधी काळजीच येते.

कच्चं लिहून झालं की अशा प्रत्येक आज्ञार्थी क्रियापदाखाली रेघ मारा. तिने हे विचारलं होतं का? नसेल तर खोडा. 'मला आपलं वाटतं' अशी मऊ सुरुवात करून तेच पुन्हा लिहू नका, तिला ते लगेच कळतं. त्या जागी स्वतःचं काहीतरी लिहा. उदाहरणार्थ: 'काल नळाचा वॉशर बदलला. जुना इतका कडक झाला होता की पकडीने ओढताना तुकडे पडले. टॉर्च दातांत धरून काम केलं. तेव्हा तुझी फार आठवण आली.' माया पोचवायला एवढं पुरतं.

तिचा एखादा निर्णय पटला नसेल तर गप्प बसायचं असं मी म्हणणार नाही. एकदाच, एका परिच्छेदात, कारणासह स्पष्ट लिहा. पुढच्या पत्रात तो विषय काढायचा नाही. आणि 'आम्ही तुझ्यासाठी काय काय केलं' हे वाक्य कुठल्याही पत्रात येता कामा नये.

प्रश्न मोजके विचारा, पण तिच्या बोलण्यातले. 'कसं चाललंय?'पेक्षा 'त्या नव्या साहेबांशी जमतंय का?' हे बरं. 'कधी येतेस?' वगळा, रजा तिच्या हातात नसते.

रात्री लिहिलेलं सकाळी एकदा वाचा. ता. क. विशेष तपासा, खोडलेला उपदेश हमखास तिथे परत शिरतो. पत्ता सुवाच्य लिहून त्याच दिवशी पेटीत टाका, आणि 'मिळालं का?' म्हणून रोज फोन करू नका.