लॅक्टेट लिहिण्याआधी इंजेक्शनची बाटली बघा

नवजात बाळांच्या एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे एमआरआय मशीनवर मेंदूतली रसायनं तपासण्याच्या कामात, नव्याने येताय, म्हणजे एनएए, कोलीन, क्रिएटिन ही तिथली रसायनं पाठ असणारच. बाळाच्या मेंदूच्या स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे या रसायनांच्या आलेखात, एनएएचा पीक (उंचवटा) ठेंगणा नि कोलीनचा उंच, हेही शिकला असाल. मीही शिकले होते. तरी फसले.

नागपुरातला मे महिना. जन्मताना गुदमरलेलं बाळ, मेंदू वाचवण्यासाठी अंग थंड ठेवण्याचं 72 तासांचं कूलिंग संपलेलं, पाचवा दिवस. व्हॉक्सेल (मोजणीचा चौकोनी तुकडा) मेंदूच्या आतल्या थॅलॅमसजवळ, इको टाइम (सिग्नल टिपेपर्यंतचा वेळ) 144 मिलिसेकंद. बेसलाइनखाली दोन टोकांचा उलटा पीक दिसला. मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्याची खूण असलेला लॅक्टेट या इको टाइमला असाच उलटतो, म्हणून मी नुसत्या आकारावरून लॅक्टेट लिहून टाकलं. लॅक्टेट-एनएए गुणोत्तर भलतंच वर गेलं, म्हणजे इजा मोठी. त्याच आकड्यावरून घरच्यांशी बोलायचं होतं. काटोलहून आलेली आजी बाहेर बाकावर बसून होती.

सही व्हायच्या आधी एनआयसीयूच्या (नवजात अतिदक्षता विभागाच्या) सिस्टरने विचारलं, "मॅडम, झटक्यांसाठी फिनोबार्ब चालू आहे, फॉर्मवर लिहिलं नं?" नव्हतं लिहिलं. मी बाटली मागवून लेबल वाचलं: प्रोपिलीन ग्लायकॉल. फिनोबार्बच्या बऱ्याच इंजेक्शनांत औषध यातच विरघळवलेलं असतं. ते मेंदूत पोचतं, त्याचाही पीक दोन टोकांचा, आणि 144 ला तोही उलटा! फरक फक्त जागेचा. आलेखाच्या आडव्या पट्टीवर लॅक्टेट 1.33 पीपीएमला, हा 1.1 च्या आसपास. एनएए 2.02 वर पक्का करा आणि तिथून उजवीकडे मोजा: 0.7 वर लॅक्टेट, 0.9 वर हा. माझा 0.9 वर होता. खरा लॅक्टेट शेजारी होता, पण बराच लहान. रिपोर्ट पुन्हा लिहिला. त्या रात्री मला झोप आली नाही.

एका क्लिकमध्ये आकडा देणाऱ्या सॉफ्टवेअरवर माझा विश्वास नाही. ज्याच्या यादीत हे रसायनच नाही, ते त्याला ओळखणार कसं? आधी स्पेक्ट्रम डोळ्यांनी बघा. गाइड मोठा असावा असं सगळे सांगतात. मला वाचवलं ते औषधांचा तक्ता रोज भरणाऱ्या बाईंनी.

बाकी घाबरू नका. पोटभर पाजलेलं, नीट गुंडाळलेलं, कान झाकलेलं बाळ बहुतेकदा भुलीशिवाय झोपतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात थोडा लॅक्टेट दिसला तर लगेच धसका घेऊ नका, तो असू शकतो. व्हॉक्सेल मात्र कवटीपासून दूर ठेवा, डोक्याच्या कातडीखालच्या चरबीचा सिग्नल 1.3 लाच येऊन बसतो.

आणि फिनोबार्बचा शेवटचा डोस किती वाजता दिला, हे बाळ मशीनवर घेण्याआधी सिस्टरला विचारा. मी अजूनही विचारते.